जपान साडेचार हजार किलोमीटरवर: कोलंबसाची पहिली सफर, दिवसागणिक

निघण्यापूर्वीचा हिशेब

पृथ्वी गोल आहे हे पंधराव्या शतकात युरोपातल्या शिकलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नव्हते. वाद होता तो ती किती मोठी आहे याचा. कोलंबस निघाला होता पश्चिमेकडे समुद्र ओलांडून आशिया गाठायला; या सफरीची चूक समजून घ्यायची तर आधी त्याची बेरीज-वजाबाकी पाहावी लागते.

विषुववृत्तावरचा एक अंश म्हणजे किती मैल? नवव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ अल-फर्गानी सांगतो, ५६⅔. आकडा चांगला आहे, पण हा मैल अरबी, म्हणजे दोन किलोमीटरला थोडा कमी. कोलंबसाने तो इटालियन मैल समजून वाचला, आणि इटालियन मैल दीड किलोमीटरपेक्षाही किंचित लहान. १११ किलोमीटरांचा अंश त्याच्याकडे ८४ किलोमीटरांवर आला. पृथ्वीचा पाव घेर तिथेच नाहीसा झाला.

दुसरी चूक आशियाच्या लांबीची. युरोपच्या पश्चिम टोकापासून चीनपर्यंतची जमीन टॉलेमी या प्राचीन भूगोलतज्ज्ञाने १८० अंश धरली होती, आणि तीही खऱ्यापेक्षा जास्तच होती. कोलंबसाने टायरच्या मारिनस या दुसऱ्या प्राचीन भूगोलतज्ज्ञाचे २२५ अंश घेतले. त्यात मार्को पोलोच्या वर्णनावरून २८ अंश वाढवले. सिपांगो, म्हणजे जपान, चीनच्या किनाऱ्यापासून पंधराशे मैल पूर्वेला आहे असे पोलो सांगतो, त्याचे आणखी ३०. बेरीज २८३. समुद्रासाठी उरले ७७. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांपासून निघायचे म्हणून ९ वजा, राहिले ६८. मारिनसचे अंशही त्याला मोठे वाटत होते, तेव्हा अखेर ६०. त्याच्या टिपणांवरून अभ्यासकांनी जुळवलेला हा हिशेब आहे. कॅनरीच्या अक्षांशावर या ६० अंशांचे होतात साधारण साडेचार हजार किलोमीटर. प्रत्यक्षात त्या अक्षांशावरून पश्चिमेकडे जपान जवळजवळ वीस हजार किलोमीटर दूर आहे.

साडेचार हजार किलोमीटर म्हणजे चांगल्या वाऱ्यात महिनाभराची वाट, तेवढे पाणी आणि बिस्किटे जहाजात भरता येतात. वीस हजारांसाठी त्या काळच्या कोणत्याही जहाजात पाणी पुरले नसते. पोर्तुगाल आणि कॅस्टिलच्या (आजच्या स्पेनमधले राज्य) तज्ज्ञांनी त्याची योजना नाकारली ती अंतराच्या कारणावरून, आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

पुढे दिलेल्या तारखा त्या वेळच्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली. आज हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूंनी केलेला तिचा सारांश, मधूनमधून कोलंबसाचेच शब्द जसेच्या तसे ठेवलेला.

३ ऑगस्ट १४९२, शुक्रवार

स्पेनच्या पालोस बंदरातून पहाटे नदीच्या मुखाकडे, आणि सकाळी आठच्या सुमारास मुखापाशी असलेला वाळूचा दांडा ओलांडून समुद्रात. तीन जहाजे आणि सुमारे नव्वद माणसे. सांता मारिया हे पोटाने मोठे, जड मालवाहू जहाज. पिंता आणि निन्या ही हलकी, कमी पाण्यात चालणारी काराव्हेल जातीची. पिंतावर मार्तिन आलोन्सो पिन्सोन कप्तान, निन्यावर त्याचा भाऊ विसेंते यान्येस. पालोस गावावर जुन्या अपराधाचा दंड होता, म्हणून दोन काराव्हेल गावाने बारा महिन्यांसाठी स्वतःच्या खर्चाने द्यायच्या असा कॅस्टिलच्या राजाराणीचा हुकूम होता. पण कोलंबस या इटलीतल्या अनोळखी जिनोआकराच्या शब्दावर खलाशी जमले नसते. ते जमले पिन्सोन बंधूंच्या नावावर.

६ ऑगस्ट

पिंताचे सुकाणू निसटले. या जहाजांचे सुकाणू मागच्या खांबाला लोखंडी बिजागऱ्यांवर टांगलेले असते, खवळलेल्या समुद्रात खालून जोराची लाट बसली की ते उचलले जाऊन खोबणीतून बाहेर पडते. मार्तिन आलोन्सोने दोरखंडांनी बांधून काम चालवले. दुसऱ्या दिवशी सुकाणू पुन्हा निसटले. पिंताच्या मालकाला सफरीवर यायचेच नव्हते, तेव्हा हे मुद्दाम केले असावे असा कोलंबसाला संशय होता.

९ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, कॅनरी बेटे

जवळपास चार आठवडे गेले, पण वाया गेले नाहीत. ग्रान कानारियावर पिंताचे सुकाणू नीट बसवले. निन्याची शिडे बदलली, आणि हा बदल फार महत्त्वाचा होता. निन्या त्रिकोणी शिडांची होती. अशी शिडे वाऱ्याला तिरके धरून पुढे जायला उत्तम, पण वारा आठवडेच्या आठवडे थेट पाठीमागून असेल तर त्यांची लांब तिरकी काठी सांभाळणे अवघड होते, एका क्षणात ती दुसऱ्या अंगाला फिरून माणसाला लोळवते. चौकोनी शिडे लावल्यावर निन्या बाकी दोघींच्या बरोबरीने चालू लागली.

इथून निघण्याचा निर्णय मात्र कोलंबसाचा आणि तो अचूक. कॅनरी बेटे कॅस्टिलची होती, पोर्तुगालशी कटकट नको. त्याच्या नकाशात जपान याच अक्षांशावर होता. आणि इथे उन्हाळ्यात ईशान्येचा व्यापारी वारा वाहतो, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्याच्या पाठीशी. याआधी पश्चिमेचा शोध घेणारे अझोर्स बेटांवरून निघत, तिथे वारा समोरून येतो.

८ व ९ सप्टेंबर

गोमेरा सोडून दोन दिवस वारा पडलेला. ८ तारखेला पहाटे तीनला ईशान्येचा वारा सुटला. ९ तारखेला येर्रो हे शेवटचे बेट दिसेनासे झाले. त्याच दिवशी कोलंबसाने ठरवले की रोजचे अंतर खलाशांना कमी करून सांगायचे, म्हणजे सफर लांबली तरी ते धास्तावणार नाहीत.

इथे अंतर कसे मोजत ते सांगायला हवे. वेग मोजायची दोरी अजून वापरात नव्हती. जहाजाच्या कडेने सरकणारा फेस पाहून नजरेने ताशी किती मैल ते ठरवायचे. वेळ मोजायला अर्ध्या तासाचे वाळूचे घड्याळ. जहाजावरचा पोऱ्या ते उलटे करी आणि प्रत्येक वेळी एक ठरावीक ओळ म्हणे, म्हणजे सगळ्यांना कळे की तो जागा आहे. तो पेंगला तर त्या दिवसाचे अंतर चुकले. वेग, वेळ आणि होकायंत्राची दिशा एवढ्या तिघांवर जहाजाची जागा नकाशावर मांडायची. चार मैलांचा एक लीग, म्हणजे सहा किलोमीटरला थोडा कमी.

१० सप्टेंबरला ६० लीग झाले, सांगितले ४८.

१३ व १७ सप्टेंबर

होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्यावरून ढळलेली दिसली. संध्याकाळी वायव्येकडे, सकाळी थोडी ईशान्येकडे. १७ तारखेला तर ती चक्क एका पूर्ण भागाने, म्हणजे अकरा अंशांहून जास्त, ढळली आणि सुकाणूवाले घाबरले. ज्या सुईच्या भरवशावर घर सोडले तीच फिरली तर परत कसे जायचे? कोलंबसाने पहाटे पुन्हा पाहायला लावले, तेव्हा सुई ठीक दिसली. त्याने सांगितले, हलतो तो तारा, सुई नाही. हे अर्धे खरे होते. १४९२ मध्ये ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभरात त्याच्याभोवती छोटे वर्तुळ काढी. उरलेले अर्धे म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व पश्चिमेला जाताना बदलत होते, ते त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

१६ ते २३ सप्टेंबर, गवताचा समुद्र

हिरव्या-पिवळ्या शेवाळाचे पुंजके, पुढे पुढे क्षितिजापर्यंत पसरलेले. हा सर्गासो समुद्र. ताजे शेवाळ पाहून सगळ्यांना जमीन जवळ आल्यासारखे वाटले. मग भीती, की यात जहाज अडकेल किंवा खाली खडक असतील. दोन्ही खोटे. हे शेवाळ हवेच्या फुग्यांवर तरंगते, मुळे नसतात, आणि जहाजापुढे ते सहज बाजूला होते. १९ तारखेला शिशाचा गोळा सोडून खोली मोजली, २०० वाव दोरी गेली तरी तळ लागेना. तिथला तळ चार किलोमीटरांहूनही खाली आहे.

२२ तारखेला वारा समोरून आला आणि कोलंबसाला तो हवाच होता. सतत पाठीमागून वाहणारा वारा पाहून खलाशी म्हणू लागले होते की या समुद्रात स्पेनला परत नेणारा वाराच नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र इतका शांत की पुन्हा कुरकुर. तेवढ्यात वारा नसताना मोठ्या लाटा आल्या. रोजनिशीत तो याची तुलना बायबलमधल्या मोझेसच्या चमत्काराशी करतो. दूरच्या वादळाच्या लाटा अशाच येतात.

२५ सप्टेंबर

सूर्यास्ताला मार्तिन आलोन्सो पिंतावरून ओरडला, जमीन! सगळे गुडघ्यावर बसले, स्तोत्र म्हणाले, डोलकाठ्यांवर चढून पाहू लागले, आणि सगळ्यांनाच ती दिसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या दिशेने गेल्यावर कळले की तो ढग होता.

१ ऑक्टोबर

सांता मारियाच्या सुकाणूप्रमुखाचा अंदाज, येर्रोपासून ५७८ लीग. कोलंबसाने दाखवलेला आकडा ५८४. त्याचा गुप्त आकडा ७०७. साडेसातशे लीगांवर जमीन लागेल असे तो सांगत आला होता, म्हणजे त्याच्या वहीप्रमाणे सिपांगो आता आठवड्याभराच्या आत यायला हवे होते.

६ व ७ ऑक्टोबर

मार्तिन आलोन्सोने नैऋत्येकडे वळायचे सुचवले. कोलंबस अडून बसला, सिपांगो चुकले तरी आधी मुख्य भूमी, म्हणजे चीन गाठावा असे त्याला वाटत होते. ७ तारखेला निन्याने तोफ उडवून निशाण चढवले, तीही खोटी वर्दी निघाली. पण संध्याकाळी पक्ष्यांचे थवेच्या थवे उत्तरेकडून नैऋत्येला जाताना दिसले. पोर्तुगीजांनी आपली बरीच बेटे पक्ष्यांमागे जाऊनच शोधली आहेत हे त्याला माहीत होते. तेव्हा वळण, पश्चिम-नैऋत्य. हे स्थलांतर करणारे पक्षी होते आणि त्यांनीच त्याला बहामा बेटांकडे नेले.

१० ऑक्टोबर

दिवस-रात्रीत ५९ लीग, सांगितले ४४. खलाशी म्हणाले, आता पुरे. महिना उलटून गेला होता जमीन न पाहता. कोलंबसाने त्यांना मिळणाऱ्या लाभाचे सांगितले आणि वर ठणकावले की तो हिंदुस्थानाला निघाला आहे आणि तिथे पोचेपर्यंत थांबणार नाही.

११ ऑक्टोबर, आणि १२ ची पहाट

आता खुणा खऱ्या होत्या. पिंतावाल्यांनी एक वेत, कोरीव काम केलेली काठी आणि फळी पाण्यातून काढली, निन्यावाल्यांना लगडलेली फांदी मिळाली. रात्री दहाला कोलंबसाला मेणबत्तीसारखा वर-खाली होणारा उजेड दिसला. बोलावलेल्या दोघांपैकी एकाला तो दिसला, दुसऱ्याला नाही. रात्री दोनला पिंतावरच्या रोद्रिगो दे त्रियानाला समोर जमीन दिसली, दोन लीगांवर. शिडे उतरवून, एकच मोठे ठेवून सगळे पहाटेची वाट पाहत थांबले. अंधारात अनोळखी किनाऱ्यावर जायचे नाही, कारण बेटाभोवती प्रवाळाचे खडक असतात. आधी जमीन पाहणाऱ्याला वर्षाला दहा हजार मारावेदी (तेव्हाचे स्पॅनिश नाणे) मिळणार होते. रात्री दहाच्या उजेडाच्या जोरावर ते कोलंबसाने स्वतः घेतले. इतक्या दूरचा उजेड त्या वेळी दिसणे शक्य नव्हते, रोद्रिगोवर अन्याय झाला.

सकाळी ग्वानाहानी बेटावर उतरून त्याने त्याला सान साल्व्हादोर नाव दिले. लाल टोप्या आणि काचेचे मणी दिले, पोपट, कापसाच्या सुताचे गुंडे आणि भाले मिळाले. हा प्रदेश हिंदुस्थानच्या बाजूची बेटे, म्हणून ही माणसे 'इंदियो'. दोनच दिवसांनी तो लिहितो की पन्नास माणसांनिशी या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल, आणि वाट दाखवायला सात जणांना बळजबरीने जहाजावर घेतो. पुढच्या तीस वर्षांच्या आत गुलाम धरून नेणाऱ्यांनी ही बेटे जवळपास ओस पाडली.

२१ ते ३० ऑक्टोबर

लोक मोठ्या 'कुबा' बेटाचे नाव घेतात. २१ तारखेला तो लिहितो, हेच सिपांगो असणार. २८ तारखेला क्युबाच्या किनाऱ्यावर नदीमुखात नांगर. सोन्याने मढलेले महाल नाहीत, झोपड्या आणि मासे पकडायची जाळी. किनारा संपेना, तेव्हा मत बदलले, हे बेट नव्हे, ही चीनची मुख्य भूमी.

१ ते ६ नोव्हेंबर

या आठवड्यात चूक पक्की झाली, म्हणून इथे थोडे थांबू.

१ तारखेला तो ठामपणे लिहितो की आपण झैतून आणि क्विन्साय या चिनी शहरांच्या जवळपास शंभर लीगांवर आहोत. २ तारखेला त्याने अक्षांश मोजला, ४२ अंश उत्तर. क्युबाचा तो किनारा २१ अंशांवर आहे. बरोबर दुप्पट. काही अभ्यासक म्हणतात त्याने ध्रुवताऱ्याऐवजी दुसराच तारा धरला, काही म्हणतात त्याच्या उपकरणावरची दुप्पट आकड्यांची पट्टी वाचली. ४२ अंश हा आकडा उत्तर चीनला छान जुळत होता.

त्याच दिवशी त्याने दोन माणसे आत पाठवली: रोद्रिगो दे हेरेस आणि दुभाषा लुइस दे तोरेस. तोरेसला हिब्रू, खाल्डियन आणि थोडी अरबी येत होती. चीनच्या महाखानाच्या दरबारात अरबी जाणणारा कोणीतरी असणारच, असा विचार. बरोबर राजाराणीचे पत्र आणि मसाल्यांचे नमुने. ते परतले तेव्हा हाती आले पन्नास घरांचे गाव, हजारभर माणसे, आणि तोंडात पानांची सुरळी पेटवून धूर ओढणारे लोक. युरोपियनांनी तंबाखू ओढताना पाहिलेले ते पहिले लोक. अरबीचा एक शब्दही कोणाला कळला नव्हता.

दालचिनी आणि मिऱ्यांचे दाणे किनाऱ्यावरच्या लोकांना दाखवले, त्यांनी खुणेने सांगितले, आग्नेयेला पुष्कळ आहेत. अनोळखी पाहुण्याला हवे ते उत्तर द्यायचे ही माणसाची रीत जगभर सारखीच. जहाजांवर मसाल्याचा एकही जाणकार व्यापारी नव्हता, त्यामुळे कसली तरी साल दालचिनी ठरली आणि कसले तरी झाड अगरूचे मौल्यवान लाकूड.

सगळ्यात मोठी फसगत कानाने केली. तिथल्या ताइनो लोकांच्या भाषेत 'कुबानाकान' म्हणजे क्युबाचा मधला भाग. ऐकू आले 'महाखान'. 'कानिबा' हे शत्रू टोळीचे नाव, ११ डिसेंबरला तो लिहितो की हे खानाचेच लोक. हिस्पानिओला, म्हणजे आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक असलेले बेट, त्यातला सोन्याचा डोंगराळ भाग 'सिबाओ', आणि २४ डिसेंबरला तेच सिपांगो ठरले. जहाज कुठे आहे याचा त्याचा अंदाज रोज तपासला जात होता. ऐकलेल्या नावाचा अर्थ तपासणारे कोणी नव्हते.

२१ नोव्हेंबर

मार्तिन आलोन्सो पिंता घेऊन, परवानगी न घेता, सोन्याच्या बेटाच्या शोधात निघून गेला.

२४ डिसेंबरची रात्र

हिस्पानिओलाचा उत्तर किनारा. समुद्र वाटीतल्या पाण्यासारखा निश्चल. दोन दिवस झोप न झालेला कोलंबस अकराच्या सुमारास आडवा झाला. सुकाणूवाल्याने सुकाणू एका पोऱ्याच्या हाती दिले, जे सक्त मना होते, आणि तोही झोपला. मध्यरात्री प्रवाहाने सांता मारियाला हळूच वाळूच्या उथळ पट्टीवर नेऊन बसवले, इतके अलगद की आवाज आला तेव्हाच कळले.

अशा वेळी उपाय एकच. होडीत नांगर घालून मागच्या बाजूला खोल पाण्यात टाकायचा आणि दोर जहाजावरून ओढून जहाज मागे खेचायचे. कोलंबसाने तोच हुकूम दिला. होडीतली माणसे नांगर न टाकता निन्याकडे पळाली, निन्याने त्यांना घेतले नाही. तोपर्यंत पाणी ओसरत होते, जहाज आडवे झाले. डोलकाठी तोडून वजन कमी केले, उपयोग झाला नाही, फळ्यांचे सांधे उघडले.

स्थानिक प्रमुख ग्वाकानागारीच्या माणसांनी आपल्या होड्या आणून सगळा माल उतरवला, एक वस्तूही हरवली नाही. जहाजाच्या लाकडातून ला नाविदाद नावाची गढी उभी राहिली आणि ३९ माणसे तिथे ठेवावी लागली, कारण एकट्या निन्यात सगळे मावत नव्हते. पुढच्या वर्षी परत आल्यावर त्यातला एकही जिवंत सापडला नाही.

६ ते १६ जानेवारी १४९३

६ तारखेला पिंता पुन्हा भेटली. १५ तारखेच्या नोंदीत एक ओळ आहे जी मराठी वाचकाने थांबून वाचावी. इथे पुष्कळ 'आही' आहे, ती यांची मिरी, आपल्या मिऱ्यांपेक्षा सरस, आणि तिच्याशिवाय इथे कोणी जेवत नाही. ही आपली मिरची. तो शोधत होता मलबारची काळी मिरी. पोर्तुगीज जहाजांतून ही तांबडी मिरची पुढे गोव्याला उतरली. बटाटा हा शब्दही 'बताता' म्हणजे रताळे या ताइनो शब्दावरूनच पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. हिंदुस्थान त्याला सापडला नाही, पण तिथल्या जेवणात त्याच्या सफरीमुळे कायमचा बदल झाला.

१६ तारखेला परतीला सुरुवात. आल्या वाटेने गेला असता तर महिनोन्‌महिने वाऱ्याशी झगडावे लागले असते. तो आधी उत्तरेकडे चढला, ३५ अंशांच्या आसपास पश्चिमेचे वारे मिळाल्यावर पूर्वेला वळला. शिडाची जहाजे पुढची चारशे वर्षे याच वाटेने परत येत राहिली.

१० ते १५ फेब्रुवारी

१० तारखेला निन्यावरच्या सगळ्यांनी आपापले अंदाज मांडले. बाकीच्यांच्या मते अझोर्स मागे पडले होते. कोलंबसाच्या मते ते अजून पुढे होते. तो बरोबर निघाला.

१२ तारखेपासून वादळ. निन्याला वजन नव्हते: शिधा संपलेला, पाणी आणि द्राक्षारस पिऊन संपलेला, आणि तळात भरायचे दगड घ्यायचे राहून गेले होते. हलके जहाज लाटेवर उपडे होते. रिकामी पिंपे समुद्राच्या पाण्याने भरली, तेवढ्यावर ते तरले. माणसे जितकी तितके हरभरे टोपीत टाकले, एकावर सुरीने क्रूस कोरला, ज्याला तो मिळेल त्याने यात्रा करायची. पहिला हात कोलंबसाचा, तोच दाणा त्याला आला. सफरीचा वृत्तांत चर्मपत्रावर लिहून, मेणकापडात गुंडाळून, मेणाच्या गोळ्यात घालून पिंपात बंद केला आणि समुद्रात सोडला. ते पिंप कधी सापडले नाही. पिंता या वादळात पुन्हा वेगळी झाली. १५ तारखेला अझोर्समधले सांता मारिया बेट दिसले.

४ ते १५ मार्च

आणखी एका वादळाने निन्याला पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, लिस्बनच्या तोंडाशी आणून सोडले. तिथे नांगरलेल्या राजाच्या मोठ्या युद्धनौकेवरून एक अधिकारी होडीने चौकशीला आला. रोजनिशीत त्याचे नाव आहे लिस्बनचा बार्तोलोमे दियास. आफ्रिकेचे दक्षिण टोक १४८८ मध्ये वळसा घालून पार केलेला दर्यावर्दी तो हाच, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आपण हिंदुस्थानाहून येतो आहोत असे कोलंबसाने त्याला सांगितले, आणि राजाराणीची पत्रे दाखवली.

१५ मार्चला दुपारी निन्या पालोसच्या नदीत शिरली. त्याच दिवशी, काही तासांनी, पिंताही आली. मार्तिन आलोन्सो आजारी होता, थोड्याच दिवसांत वारला.

पाच वर्षांनी, २० मे १४९८ ला, दियासच्या वाटेने पुढे गेलेला वास्को द गामा मलबारात कालिकतला पोचला. कोलंबस तेव्हा तिसऱ्या सफरीच्या तयारीत होता, दहा दिवसांनी तो पुन्हा पश्चिमेकडे निघाला. गामाने किनाऱ्यावर पाठवलेल्या पहिल्या माणसाला ट्युनिसचे दोन मुसलमान भेटले. त्यांना कॅस्टिलची भाषा येत होती आणि जिनोआची, म्हणजे कोलंबसाच्या जन्मगावची भाषाही येत होती.